मेखेपुरती माती

घोडं घेऊन मुक्कामाला जायचं तर आधी मेख बघावी लागते. गवत, पाणी, सावली हे सगळं नंतर. हातभर लांबीची लोखंडी मेख निम्म्याच्या वर जमिनीत गेली पाहिजे आणि घोड्यानं रात्रभर ओढली तरी जागची हलता कामा नये. पुढं गळ्याकडं बांधतात ती अगाडी, मागच्या पायांना बांधतात ती पिछाडी, आणि दोन्ही दोरांची भिस्त त्या मेखेवर. माणसाचं काय, मी मार्केट यार्डात हमालाच्या हातगाडीवर सुद्धा झोपलेलो आहे. घोडं मात्र जमीन पक्की असल्याशिवाय उभं करता येत नाही.

मोबाईलच्या नकाशावर वरून बघितलं तर आमचा जिल्हा घोडेवाल्यांसाठीच केलाय असं वाटतं. पश्चिमेला सगळे डोंगर, मध्ये नद्या, धरणांच्या कडेनं हिरवी गायरानं, आणि त्यातनं बारीक रेषेसारख्या जाणाऱ्या पायवाटा. रविवारी सकाळी चहा घेता घेता मी अशा दहा जागा शोधायचो. घोडं पेंड खायचं ते प्रत्यक्ष तिथं गेल्यावर. हिरवं दिसतं तो ऊस असतो, मोकळं दिसतं तिथं प्लॉट पाडून तारा मारलेल्या असतात, आणि सपाट दिसतं तिथं खाली कातळ असतो. जमीन कशी आहे हे मेख ठोकल्याशिवाय कळत नाही.

मी कसबा बावड्याचा. कारखान्याच्या भोंग्यावर उठायचं आणि स्वतःच्या लेथ मशीनवर दिवस काढायचा, एवढंच माझं आयुष्य. आणि मी तापट आहे. हे मी मोठेपणानं सांगत नाही, पण लपवूनही उपयोग नाही, गल्लीत कुणालाही विचारा. आमच्या घरात समजूत हातानं काढायची पद्धत होती. वडील आईची काढायचे, आई आमची काढायची, आम्ही भाऊ एकमेकांची काढायचो. पहिला मार कधी खाल्ला ते मला आठवत नाही, पण पहिला कधी दिला ते आठवतं. चौथीत होतो, शेजारच्या पोराच्या कानावर कंपासपेटी घातली होती. त्याच्या कानातनं रक्त आलं तेव्हा मला भीती वाटली आणि बरंही वाटलं. तिथून पुढं माझा हात आधी जायला लागला आणि तोंड मागनं. जित्याची खोड, दुसरं काय.

घोडी माझ्याकडं आली ती चाचांमुळं. चाचा म्हणजे गडमुडशिंगीचे नालबंद. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, बुटके, मनगटं मात्र माझ्या दंडाएवढी. बैलांना आणि घोड्यांना नाल मारायचं काम त्यांच्या घरात आज्यापासून चालत आलेलं. त्यांच्या हातोड्या आणि खिळे कापायचे चिमटे माझ्याकडं दुरुस्तीला यायचे, तिथं आमची ओळख झाली आणि वाढली. त्यांचं स्वतःचं एक तट्टू होतं, चुलतभावाच्या खळ्यावर बांधलेलं. त्यावर बसून ते लांबच्या वाड्यावस्त्यांवर नाल मारायला जायचे. स्कूटर असून तट्टावर का जाता, असं विचारलं तर म्हणायचे, स्कूटर सोबत करत न्हाई.

घोडी शर्यतीची होती. आमच्याकडच्या घोडागाडीच्या शर्यती ज्यांनी बघितल्या नसतील त्यांना सांगतो. डांबरी रस्ता, दोन चाकांची हलकी गाडी, गाडीवान वाकून उभा, आणि मागनं, बाजूनं वीस-पंचवीस मोटरसायकली. प्रत्येक मोटरसायकलवाला हॉर्नवर अंगठा दाबून धरतो, मागं बसलेला गळा फाटेस्तोवर ओरडतो, कधी कधी काठी लांबवून घोड्याच्या पुठ्ठ्यावर घालतो सुद्धा. हॉर्न वाजला की मार येतो, हे घोड्याला इतकं पक्कं होतं की पुढं पुढं मार लागतच नाही, हॉर्न पुरतो. ही घोडी चार वर्षं अशी पळाली. तिच्या कपाळावर अर्ध्या भाकरीएवढा पांढरा ठिपका आणि डावा कान टोकाशी फाटलेला, त्यामुळं शर्यतीवाले तिला लांबनं ओळखायचे. मग एका शर्यतीत ती भर रस्त्यात बसली. चाबकाच्या दांड्यानं उठवली, दहा पावलं गेली आणि परत बसली. मालक चाचांना म्हणाला, हिला तुमी न्या न्हाईतर मी कुटं तरी सोडतो.

चाचांनी तिला आणली, पण त्यांच्या गल्लीत दोन बोकड उभे करायला जागा नव्हती. माझ्या घरामागं मोकळी शेड होती. बांधून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि तिच्या पाठीवरनं फिरवला. केसांखाली वळ होते, काही बोटाएवढे जाड, काही टोचल्यासारखे बारीक.

"हिच्या अंगावर मानसाच्या हातानं जेवढं उठायचं हुतं तेवढं उठलंय," ते म्हणाले. "घोडी तुजी. पन एकदा जरी तुजा हात हिच्यावर उठला तर माजी. मी भांडनार न्हाय, सोडून नेनार."

मी म्हणालो, चाचा, जनावरावर कशाला हात टाकीन? आणि मला ते खरंच वाटत होतं. आजपर्यंत मी माणसांनाच मारलं होतं.

पुढच्याच आठवड्यात चाचांनी तिला माझ्यासमोर चालवून दाखवली. लगाम ढिला सोडला की ती पळायची. ओढला की उभी राहायची आणि थरथरायची. मधलं काही तिला माहीतच नव्हतं. हिला पळायला येतं, चालायला येत न्हाई, असं चाचा म्हणाले. तिला चालायला शिकवायचं तर डांबरापासून आणि हॉर्नपासून लांब न्यायचं, मातीच्या वाटेनं दिवसभर सावकाश जायचं, संध्याकाळी उघड्यावर बांधायचं, सकाळी पुन्हा निघायचं. म्हणून आमचं हे मुक्काम शोधणं सुरू झालं. महिन्यातनं दोनदा शनिवार-रविवार, ते तट्टावर आणि मी घोडीवर. बायको म्हणायची, लोकं म्हातारपणी देवाला जातात, तुम्ही दोघं ऊस तुडवायला जाता.

ते काही खोटं नव्हतं. पहिलाच मुक्काम नदीकाठी एका मळीच्या, गाळाच्या रानात केला. माती भुसभुशीत होती, मेख एका ठोक्यात गेली आणि मी खूश झालो. एका ठोक्यात गेलेली मेख एका हिसड्यात निघते हे मला माहीत नव्हतं. पहाटे जाग आली तर घोडी शेजारच्या उसात, आणि उसाचा मालक कोयता घेऊन बांधावर. त्यानं कोयता उगारलाही नव्हता, नुसता हातात होता. तो शिव्या देत होता आणि त्याला तो हक्क होता. मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. तो पडला, उठला, आणि आम्ही दोघं सरीतल्या चिखलात एकमेकांचे गळे धरून लोळलो. त्याचा दात माझ्या मुठीत रुतला, त्याची खूण अजून आहे. चाचांनी दोघांवर बादलीभर पाणी ओतलं, कुत्री सोडवतात तसं. मग ते त्या माणसाची माफी मागत अर्धा तास उभे राहिले. मी घोडीवर खोगीर घालत होतो. मला वाटत होतं, आपण जिंकलो.

तरी घोडी शिकत होती. तीन-चार मुक्कामांनंतर लगाम ढिला सोडल्यावर ती दहा-वीस पावलं चालायला लागली. मग शंभर. राधानगरीकडच्या एका वाटेवर ती चालता चालता वाकून गवताचा एक घास घेऊन पुन्हा चालायला लागली, आणि चाचा मागनं हसले. चार वर्षांत तिला रस्त्यात खाली वाकायला मिळालं नव्हतं. मला त्या दिवशी झालेला आनंद मी कुणाला सांगितला नाही, कारण सांगायला गेलो असतो तर रडू आलं असतं.

त्याच मुक्कामाला एका आंब्याच्या बागेत उतरलो. राखणदारानं चांगुलपणानं जागा दिली, पाण्याची मोटर चालू करून दिली. जमीन तांबडी, घट्ट, मेखेला उत्तम. मी शेवटची मेख ठोकत होतो तेवढ्यात राखणदाराचं कुत्रं झाडामागनं आलं आणि त्यानं घोडीचा मागचा पाय धरला. पिछाडी बांधलेली, तिला लाथ मारता येईना. ती किंचाळली. माझ्या हातात मेख ठोकायचा हातोडा होता. मी एकच घाव घातला, आणि त्या घावानं भागलं होतं. तरी मी आणखी दोन घातले.

राखणदार धावत आला आणि कुत्र्याशेजारी खाली बसला. त्यानं त्याचे कान नीट केले, एक उलटा झाला होता तो सरळ केला. मला वाटलं तो माझ्या अंगावर येईल, मी तयारच होतो. तो आला नाही. चाचांनी मेखेनं जमीन उकरून खड्डा केला आणि दोघांनी कुत्र्याला पुरलं. मला कुणी हात लावू दिला नाही. घोडीच्या पायावर चार दात उमटले होते, फार खोल नव्हते. दुसऱ्या दिवशी वाटेत चाचांनी तट्टू माझ्या बाजूला घेतलं. मग म्हणाले की पहिला घाव घोडीसाठी होता हे मला कळतंय, पुढचे दोन कुणासाठी होते ते तू बघ. मी म्हणालो, राग आला की मला मोजता येत नाही. ते म्हणाले, घोडी समदं बघत हुती.

त्यानंतर काही महिने मी शहाण्यासारखा वागलो. घोडामैदान जवळच होतं, हे तेव्हा कळलं नाही.

थंडीचे दिवस होते. पन्हाळ्याच्या पलीकडं मसाई पठारावर मुक्काम करायचं मी ठरवलं. मैलोगणती सपाट, गुडघाभर वाळलेलं गवत, एक ऊस नाही की एक तार नाही. सकाळी बावड्यातनं निघालो, वडणग्याकडनं आडवाटेनं गेलो, आणि दुपार कलताना वर पोचलो. त्या दिवशी घोडी सबंध वाट चालली होती. एकदाही पळाली नाही. चढावर तिनं मान लांब सोडली होती आणि मी रिकिबीतनं पाय काढून पोत्यासारखा बसलो होतो.

तट्टाच्या एका खुराचा खिळा ढिला झाला होता आणि पाणीही लागणार होतं, म्हणून चाचा कडेच्या धनगरवाड्यावर गेले. तू मेखा ठोकून ठेव, मी दूध पण बघतो, असं म्हणाले. मी गवत बाजूला केलं, मेख ठेवली आणि हातोडा घातला. खण्णकन आवाज आला. दोन हात सरकलो, तिथंही खण्ण. सगळं पठार म्हणजे जांभ्याचा एकच कातळ, वर बोटभर माती. तीन मेखांची टोकं वाकली. माझं डोकं फिरायला लागलं. तेव्हा कडेला कुणीतरी आणून टाकलेला एक जांभ्याचा चिरा दिसला, घरं बांधायला वापरतात तसा. उचलताना माझी कंबर धरली, एवढं वजन. मी घोडीची अगाडी त्या चिऱ्याला दोन वेढे देऊन बांधली, पक्की गाठ मारली. बैल असता तर त्याला तेवढं पुरलं असतं, बैल वजन ओढून बघतो आणि नाद सोडतो. पण जी घोडी चार वर्षं मागं बांधलेल्या वजनाच्या पुढं पळत आली, तिच्या मागं मी वजन बांधत होतो.

पन्हाळ्याच्या बाजूनं चार मोटरसायकली आल्या. सात-आठ जण असतील, पस्तिशी-चाळिशीची चांगली बाप्ये माणसं, भडंग आणि कांदे घेऊन पठारावर बसायला आलेली. त्यांनी घोडी बघितली आणि गाड्या थांबवल्या. एकानं कपाळावरचा ठिपका ओळखला, दुसऱ्यानं कान. त्यांच्या गावाच्या शर्यतीत तिनं दोनदा पहिल्या नंबरचं निशाण घेतलं होतं. ते लांबनंच तिला हात जोडत होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना फक्त ती पळताना एकदा बघायची होती. ते तिच्या मागच्या बाजूनं आले आणि चौघांनी एकदम हॉर्न दाबला.

घोडी सुटली. दोर ताणला, चिरा उलटला, आणि तिच्यामागं धावायला लागला. कातळावर चिरा उडत होता, आपटत होता, त्याचे तांबडे तुकडे उडत होते, आणि दर उडीला तो तिच्या मागच्या पायांवर बसत होता. ती जितकी पळेल तितका तो मारत होता आणि तो जितका मारेल तितकी ती पळत होती. मोटरसायकली आधी तिच्याबरोबर गेल्या, मग त्यांना पुढं पठाराची कड दिसली आणि त्यांनी ब्रेक मारले. मी ओरडत पळत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. कडेच्या अलीकडं कातळाला एक भेग आहे, चिरा त्या भेगेत जाऊन अडकला. दोरानं तिची मान उलटी वळली आणि ती पुढच्या गुडघ्यांवर कोसळली. तिच्या तोंडापासून चार हातांवर पठार संपत होतं आणि खाली झाडांचे शेंडे दिसत होते.

मी पोचलो तेव्हा ती उठत होती. मी तिच्या तोंडावरच्या मोहरकीला हात घातला. ती गर्रकन फिरली आणि तिनं मागचा पाय झाडला. माझ्या उजव्या बरगड्यांत काहीतरी मोडल्याचं मला ऐकू आलं. मी खाली पडलो, उठलो, आणि चिऱ्यावरनं सुटलेलं दोराचं टोक माझ्या हातात आलं.

मी तिला मारलं. हे एवढंच वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली. पाठीवर मारलं, मानेवर मारलं, तोंडावर मारलं. दोराच्या टोकाला लोखंडी कडी होती, ती डोळ्याखाली बसली आणि तिथली कातडी उघडली. मला मरणाची भीती वाटली होती, घोडी दरीत गेली असं मी एकदा मनात बघून घेतलं होतं, आणि ती भीती माझ्या हातातनं बाहेर पडत होती. ती जागची हलली नाही. गाडी थांबल्यावर मार बसायला लागला तर उभं राहायचं असतं, हे तिला शिकवलेलं होतं. ती डोळे मिटून उभी होती. पळून गेली असती, परत लाथ मारली असती, तर मला निदान काही सबब राहिली असती.

मागनं एक जण म्हणाला, "बास की पावणं. आमच्यात बी एवढं मारत न्हाईत."

शर्यतीवाला मला हे सांगत होता. मी कमरेला खोचलेला हातोडा काढला आणि त्याच्यावर भिरकावला. त्याच्या गाडीचा हेडलाईट फुटला. त्यांनी गाड्या ढकलत लांब नेल्या, पार लांब गेल्यावर चालू केल्या, आणि निघून गेले. त्यांना तेवढं कळत होतं.

चाचा आले तेव्हा ऊन अजून होतं. त्यांनी घोडीचे फुटलेले गुडघे बघितले, मागचे पाय बघितले, तोंड बघितलं. मी बसूनच सगळं सांगितलं. हॉर्न, चिरा, भेग, माझी बरगडी. अंगावरचे वळ दोर गुरफटल्यानं आले आणि डोळ्याखाली चिऱ्याचा तुकडा लागला, असंही सांगितलं. खोटं बोलायला अजिबात त्रास झाला नाही. चाचांनी डबा उघडून हळद-तेल काढलं आणि जखमा भरल्या. मग माझ्यासमोर उकिडवे बसले.

"चूक माजी हाय," ते म्हणाले. "दगडाला बांदू नगं, हे सांगायचं राहिलं."

ते मी ऐकून घेतलं. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, हे मी नंतर फार वेळा मनात घोळवलं आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पायी उतरलो. घोडी त्यांच्या बाजूनं चालत होती.

पुढं महिनाभर माझ्या छातीला पट्टा आणि घोडीला शेडमध्ये विश्रांती. वळ उतरले, गुडघ्यांवर खपल्या धरल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं चाललं होतं, रोज सकाळी आधी डोळ्याखालची जखम बघायचो. ती भरत होती. पण चंदीचा तोबरा, तिच्या खुराकाची पिशवी, तोंडाला बांधायला मी हात वर केला की ती मागं कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटायची. मग मी तोबरा खाली ठेवायला लागलो. खरारा करायचा तर पोटाकडनं, खालनं वर. खुंटीवरचं खोगीर काढायचं तर ती बाहेर असताना. कमरेच्या वर हात न नेता सगळी कामं करायला मी शिकलो. बायकोनं एकदा बघितलं आणि विचारलं, बरगडी अजून दुखते का? मी हो म्हणालो.

खपल्या पडल्यावर चाचा नाल मारायला आले. झिजलेले नाल काढून तीन पायांना नवे मारले. चौथा पाय मांडीवर घेतला, तोंडात खिळे धरले. त्यांचा हातोडा तिच्या पोटाशेजारी वरखाली होत होता आणि घोडी ओठ लोंबकळत सोडून पेंगत होती. मी दारात उभा होतो. माडीवरनं बायकोनं चहाला हाक मारली. मी आलो म्हणायला हात वर केला.

घोडी उधळली. चाचा उलटे पडले, अर्धवट गेलेला खिळा त्यांचा तळहात फाडत गेला. घोडी पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडली, तिच्या पोटाची कातडी नुसती उडत होती. चाचा उठून बसले. त्यांनी आपल्या रक्ताळलेल्या हाताकडं बघितलं, खाली पडलेल्या हातोड्याकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. माझा हात अजून वरच होता.

"खाली घे," ते म्हणाले. मी घेतला. घोडीनं कान हलवले. "आता वर कर."

मी म्हणालो, चाचा, राहू द्या. त्यांनी बोटानं वर दाखवलं. मी हात वर केला. घोडी मागच्या पायांवर खचली आणि तिनं डोळे मिटले, त्या दिवशी मिटले होते तसे. मग चाचांनी स्वतःचा हातोडा उचलून डोक्याच्या वर धरला. घोडी डोळे उघडून त्यांच्याकडं बघत राहिली.

"दगड न्हवता त्यो," चाचा म्हणाले.

मी कबूल केलं. सगळं, पहिल्या फटक्यापासून कडीपर्यंत. मग मी खाली बसलो, चाबूक माझ्याकडं कधी नव्हताच, म्हणून दोर त्यांच्यापुढं टाकला आणि म्हणालो, मला मारा. मनापासून म्हणालो. मला मार हवा होता, त्यानं सगळं फिटतं असं मला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

चाचांनी दोर उचलला आणि घोडीच्या मोहरकीला अडकवला. "मार खाऊन कोन शिकत असतं," ते म्हणाले, "तर ही घोडी लई शानी झाली असती."

त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं आणि तिला घेऊन पायी निघाले. बावड्यातनं गडमुडशिंगी, मध्ये अख्खं कोल्हापूर. उधळताना गळून पडलेला चौथा नाल मारायला ते थांबले नाहीत. डांबरावर तिच्या तीन पायांचा आवाज येत होता आणि चौथ्याचा येत नव्हता. तो लंगडा ताल कोपऱ्यापर्यंत ऐकू आला, पुढं उसाच्या ट्रॉल्यांच्या आवाजात गेला. मी शेडमध्ये येऊन तोबऱ्यात तोंड घालून रडलो. बायकोनं चहा पुन्हा गरम केला नाही.

चार महिने मी तिकडं फिरकलो नाही. मग एका रविवारी गेलो. चाचांच्या दारात स्कूटरची जागा असायची तिथं घोडी बांधलेली होती, स्कूटर गल्लीत. मी लांबच उभा राहिलो, दोन्ही हात पाठीमागं धरून. ती मागायला आलो नाही, असं मी सांगितलं. चाचा एका बैलाला नाल मारत होते. त्यांच्या तळहातावर पांढरी रेघ उमटली होती आणि हातोडा ते आता जरा वेगळा धरत होते. बैलाचा पाय खाली सोडून ते म्हणाले की घोडी इथं गल्लीत नासते आहे, चालणं विसरायला लागली आहे, आणि त्यांना एकट्याला जागा हुडकायला जमत नाही. जागा बघ, ते तुला येतं, असं म्हणाले.

म्हणून आता मी जागा बघतो. शनिवारी सकाळी एसटीनं पुढं जातो, पिशवीत चार मेखा आणि हातोडा. पाणी कुठं आहे, ऊस किती लांब आहे, रस्त्यावरनं हॉर्न ऐकू येतो का, कुत्री कुणाची आहेत, हे बघतो. ज्याची जागा असेल त्याला आधी भेटतो, रामराम घालतो, आणि तो नको म्हणाला तर पिशवी उचलून पुढं चालायला लागतो. दोनदा शिव्याही खाल्ल्या. त्या आंब्याच्या बागेत मात्र जायचं धाडस अजून होत नाही.

जागा ठरली की चाचांना फोन करतो. ते घोडीवर बसून निघालेले असतात, त्यांना यायला तिसरा प्रहर होतो. मग मी मेखा ठोकायला घेतो. मेख ठोकायला हात डोक्याच्या वर न्यावाच लागतो, खालनं ठोकून ती जात नाही. म्हणून घोडी यायच्या आधी सगळ्या मेखा ठोकून ठेवतो, हातोडा पिशवीत घालतो, पिशवी झुडपामागं टाकतो, आणि लांब एका बाजूला हात मांडीवर ठेवून बसून राहतो. वाट संपते तिथं आधी चाचांची टोपी दिसते, मग कपाळावरचा पांढरा ठिपका. घोडी चालत येते.